तलावाचा तळ दिसेपर्यंत



गेल्या मंगळवारी सकाळी, आपल्या नगरपालिकेच्या जलतरण तलावात, भर उजेडात आणि चाळीस-पन्नास माणसांच्या देखत, दहा वर्षांचा एक मुलगा खोल टोकाला पाण्याखाली गेला आणि काठावर उभ्या असलेल्या जीवरक्षकाला तो दिसला नाही. त्याची नजर चुकली असे कोणी म्हणू नये. ताकासारख्या झालेल्या त्या पाण्यात दोन हातांपलीकडचे कोणालाच दिसत नव्हते. आमच्या पोहणाऱ्यांच्या मंडळाच्या एका सभासदाचा पाय योगायोगाने त्या मुलाच्या खांद्याला लागला, म्हणून तो आज आपल्या घरी आहे. या प्रसंगानंतर व्यवस्थापनाने जी तजवीज केली ती एवढीच, की टीसीएल पावडरचे आणखी एक पोते खोल टोकाशी उपडे केले. बुधवारी पाणी पूर्वीहून अधिक पांढरे होते, आणि फाटक नेहमीप्रमाणे सहाला उघडले.

गढूळ पाणी ही केवळ डोळ्यांना न रुचणारी बाब आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी अमेरिकेतील फॉल रिव्हर या गावाची हकीकत ऐकावी. तेथील सार्वजनिक तलावात 2011 च्या जून महिन्यात एक स्त्री बुडाली आणि तिचा देह दोन दिवस त्याच पाण्यात राहिला. त्या दोन दिवसांत लोक तेथे पोहून गेले, तपासनीसही येऊन गेले, आणि कोणालाही काही दिसले नाही. तो देश श्रीमंत, तलाव सरकारी. उणीव होती ती पाण्याच्या निर्मळपणाची.

आता आपले पाणी पांढरे का होते ते नीट समजून घ्यावे, कारण येथेच सारी हयगय आहे. तलाव भरला जातो बोअरच्या पाण्याने, आणि आपल्या काळ्या पाषाणातून येणारे हे पाणी मुळातच जड, क्षारयुक्त. टीसीएल ही चुन्यावर क्लोरिन चढवून केलेली भुकटी. ती पोत्याने ओतली की क्लोरिनबरोबर चुनाही पाण्यात जातो, सामू, म्हणजे लोक ज्याला पीएच म्हणतात तो, वर चढतो, आणि पाण्यात विरघळलेला क्षार खडूच्या सूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडून वाळूच्या फिल्टरमधूनही निसटतो. त्याहून वाईट असे, की सामू 7.2 असता पाण्यातील मोकळ्या क्लोरिनपैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग जंतू मारण्यास समर्थ अशा रूपात असतो, आणि तोच 8.2 झाला की जेमतेम सहावा हिस्सा उरतो. बुधवारी आमच्या चाचणीसंचाने दाखवलेला सामू 8.2 होता. म्हणजे जितकी पोती अधिक, तितके पाणी पांढरे आणि तितके औषध दुबळे! हा संच सभासदांच्या वर्गणीतून घेतलेला आहे, आणि गेले अकरा महिने एकही दिवस न चुकवता आम्ही नोंदवही ठेवली आहे. व्यवस्थापनाच्या दफ्तरात अशी वही आम्हांस आढळली नाही.

कोणी म्हणतात, क्लोरिनचा उग्र वास येतो, त्या अर्थी तो भरपूर आहे. तो वास घाम आणि मूत्र यांच्याशी संयोग पावलेल्या, निकामी झालेल्या क्लोरिनचा असतो; डोळे लाल होतात तेही बहुधा त्यानेच. कोणी म्हणतात, आमचे वाडवडील नदीच्या गढूळ पाण्यात पोहत. नदी वाहते; तलाव वाहत नाही. आणि तलाव रिकामा करून भरावा म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा: 25 मीटर लांब, 12.5 मीटर रुंद आणि सरासरी 1.6 मीटर खोल, म्हणजे पाच लाख लिटर, दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. आणि ते ऐन वैशाखात, जेव्हा वरच्या वस्तीत नळाला दिवसाआड पाणी येते. असे सुचवताना लाज वाटावयास हवी.

उपाय अवघड नाही. प्रथम पोहणे बंद. मग आम्ल थोडेथोडे, पाण्यात चांगले विरवून, सामू 7.2 ते 7.4 वर आणावा आणि दर खेपेस मोजावे. क्षारता 80 ते 120 भाग प्रति दशलक्ष यांच्या दरम्यान राखावी. नंतर पंप बंद ठेवून घनमीटरमागे वीस ग्रॅम, म्हणजे आपल्या तलावास दहा किलो, तुरटी विरघळवून पसरावी, रात्रभर पाणी निवळू द्यावे, आणि तळाचा गाळ नळीने ओढून थेट गटारात सोडावा, फिल्टरमधून मुळीच नव्हे. फिल्टर उलट्या प्रवाहाने धुवावा. मोकळे क्लोरिन 1 ते 3 भाग प्रति दशलक्ष राहील इतके द्यावे, शक्यतो द्रवरूप. टीसीएलच वापरायची तर ती पिंपात कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळीच घ्यावी. आम्ल आणि टीसीएल एका भांड्यात कदापि आणू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

परंतु सर्व दोष व्यवस्थापनावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. डोक्याला खोबरेल चोपडून, अंगावर पाणी न घेता थेट उडी मारणारे आपणच. लहान मुलांना आधी शौचालयात न नेणारे आपणच. आणि मंगळवारी काठावर उभे राहून, मूल वाचले असे म्हणत घरी गेलेले, तक्रारवहीत एक ओळही न लिहिलेले, तेही आपणच. अकरा महिन्यांत त्या वहीत मंडळाच्या सभासदांखेरीज कोणाचीही सही नाही.

सबब सर्वांस आवाहन असे, की खोल टोकाच्या तळावरची काळी रेघ काठावर उभे राहून स्पष्ट दिसत नसेल, तर त्या दिवशी पाण्यात कोणी उतरू नये व मुलांना उतरू देऊ नये. सामू आणि क्लोरिन दिवसातून तीनदा मोजून फाटकावरील फळ्यावर लिहावे, अशा मागणीचा अर्ज तयार आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता तलावाच्या फाटकाशी जमावे, अर्जावर सही करावी, मुलांनाही आणावे. पोहण्याचे कपडे मात्र घरीच ठेवावे.