विश्लेषण : ‘के-पॉप’च्या लाटेवर नव्हे, अनुवादकांच्या हट्टावर! कोरियन कवयित्री जगभर कशा पोहोचल्या?

हान कांग यांना २०२४ मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले आणि कोरियन पुस्तकांची चर्चा जगभर सुरू झाली. मात्र त्याआधी कितीतरी वर्षे कोरियन कवयित्री परदेशात वाचल्या जात होत्या. हे कसे घडले आणि त्यातून मराठीने काय घ्यावे?

दक्षिण कोरिया म्हटले की बीटीएस, ‘पॅरासाइट’, ‘स्क्विड गेम’ ही नावे आठवतात. कविताही याच लाटेवर बाहेर गेली असावी, असे वाटणे साहजिक आहे. पण तारखा वेगळे सांगतात. कोरियन कवयित्रींचा ‘अँग्झायटी ऑफ वर्ड्स’ हा महत्त्वाचा इंग्रजी संग्रह २००६ मध्ये अमेरिकेत आला. बीटीएसचे पदार्पण त्यानंतर सात वर्षांनी झाले. खुद्द हान कांग यांचीही सुरुवात कवितेपासूनच झाली. त्यांच्या पहिल्या कविता १९९३ मध्ये छापून आल्या.

‘यॉर्यू’चा शिक्का काय होता?

कोरियात स्त्री कवींना ‘यॉर्यू शी-इन’ म्हणत. शब्द वरवर साधा, पण त्यात एक अपेक्षा दडलेली होती. बाईने हळुवार लिहावे, विरहावर लिहावे, आवाज चढवू नये. पुरुष मात्र नुसता ‘कवी’, त्याला वेगळे विशेषण नाही.

हा शिक्का झुगारणाऱ्यांत चोई सुंग-जा आणि किम हेसून ही दोन नावे ठळक आहेत. दोघींच्या कविता १९७९ मध्ये एकाच त्रैमासिकातून पुढे आल्या. लष्करी राजवटीने पुढच्याच वर्षी ते त्रैमासिक बंद केले. शरीर, भूक, घाण, मृत्यू असे विषय दोघींनी कवितेत थेट आणले.

किम तेव्हा एका प्रकाशन संस्थेत संपादक होत्या. एका अनुवादकाचा ठावठिकाणा सांगितला नाही म्हणून पोलिसाने त्यांना सात थपडा मारल्या. घरी परतून एकेका थपडेसाठी एकेक कविता लिहिल्याचे त्यांनी सांगितले आहे.

इंग्रजीत दार कोणी उघडले?

डॉन मी चोई यांनी. सोलमध्ये जन्मलेल्या चोई यांच्या कुटुंबाने हुकूमशाहीच्या काळात देश सोडला. हाँगकाँगमार्गे त्या अमेरिकेत पोहोचल्या. २००६ च्या त्या संग्रहात त्यांनी चोई सुंग-जा, किम हेसून आणि यी यॉन-जू या तिघींच्या कविता इंग्रजीत आणल्या. प्रकाशक होता झेफर प्रेस, एक छोटी संस्था. पुढे किम यांचे एकामागून एक संग्रह त्यांनी अनुवादित केले, तेही बहुतेक ‘अॅक्शन बुक्स’सारख्या छोट्या प्रकाशकांकडून. मोठ्या पुरस्कारासाठी दशकाहून अधिक काळ थांबावे लागले.

तो आला २०१९ मध्ये. ‘ऑटोबायोग्राफी ऑफ डेथ’ या संग्रहाला कॅनडाचा ग्रिफिन पुरस्कार मिळाला. मृत्यूनंतर आत्मा ४९ दिवस भटकतो, या बौद्ध समजुतीवर बेतलेल्या ४९ कविता त्यात आहेत. २०१४ च्या ‘सेवोल’ बोट दुर्घटनेत ३०४ जण दगावले. त्यात बहुसंख्य शाळकरी मुले होती. त्या आघाताची सावली या संग्रहावर आहे.

पुरस्काराची वाटणीही पाहण्यासारखी आहे. अनुवादित पुस्तकाला ग्रिफिन मिळाला तर ६० टक्के रक्कम अनुवादकाला आणि ४० टक्के कवीला जाते. अनुवादाच्या श्रमाची किंमत इतक्या स्पष्टपणे क्वचितच मांडली जाते. चोई यांच्या स्वतःच्या ‘डीएमझी कॉलनी’ या संग्रहाला २०२० मध्ये अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला.

अनुवादात अडते कुठे?

कोरियन वाक्यात कर्ता अनेकदा गाळला जातो. क्रियापदावरून बोलणारी बाई की पुरुष हेही कळत नाही. इंग्रजीला निदान कर्ता घालावाच लागतो. मराठीत पेच आणखी वाढतो. ‘मी गेले’ की ‘मी गेलो’, हे पहिल्याच ओळीत ठरवावे लागते. किम यांच्या कवितेत बोलणारी व्यक्ती कधी मृत असते, कधी प्राणी, कधी पक्षी. तिथे हा निर्णय नुसता व्याकरणाचा राहत नाही.

दुसरीकडे, मराठीला एक सोयही आहे. कोरियनमध्ये नामाला ‘हादा’ म्हणजे ‘करणे’ जोडून क्रियापद होते. किम यांनी ‘पक्षी’ या शब्दालाही ते जोडले. आपणही अभ्यास करतो, प्रेम करतो, फोन करतो. म्हणजे ‘पक्षी करणे’ हा प्रयोग मराठी कानाला विचित्र वाटेल, पण त्याची घडण ओळखीची असेल. इंग्रजीवरून अनुवाद केला तर हे साम्य वाटेतच हरवते.

सरकारी पाठबळाचा वाटा किती?

वाटा मोठा आहे. कोरियात साहित्य अनुवादासाठी स्वतंत्र सरकारी संस्था आहे. ती परदेशी प्रकाशकांना अनुदान देते, अनुवादक घडवते. मराठीला हेवा वाटावा अशी ही व्यवस्था आहे. पण पैसा आला म्हणजे निवड योग्य होतेच असे नाही.

अनेक वर्षे कोरियाची ‘नोबेलची आशा’ म्हणून एका ज्येष्ठ पुरुष कवीकडे पाहिले जाई. २०१७ च्या अखेरीस कवयित्री चोई यंग-मी यांची एक कविता प्रसिद्ध झाली. त्यात थेट नाव न घेता एका ज्येष्ठ कवीच्या लैंगिक छळाचे वर्णन होते. हे वर्णन कोणाचे, याची चर्चा देशभर झाली. त्या कवीने आरोप नाकारले आणि भरपाईचा दावा लावला. चोई यांच्याविरुद्धचा हा दावा २०१९ मध्ये फेटाळला गेला, अपिलातही निकाल बदलला नाही. देशाचा चेहरा म्हणून जगापुढे कोणाला ठेवायचे आणि त्या वेळी घरात कोणाला गप्प बसवायचे, हे दोन प्रश्न वेगळे नाहीत, हे या प्रकरणाने दाखवले.

एकच नाव पुरेसे आहे का?

नाही, आणि आजचा धोका हाच आहे. किम हेसून म्हणजेच कोरियन कवयित्री, असे समीकरण होऊ लागले आहे. हा नवा ‘यॉर्यू’ शिक्काच ठरेल. किम यिदुम यांच्या ‘हिस्टेरिया’च्या इंग्रजी अनुवादाला २०२० मध्ये अमेरिकेतील दोन प्रमुख अनुवाद पुरस्कार मिळाले. तो तिघा अनुवादकांनी मिळून केला होता. त्याच वर्षी चोई सुंग-जा यांचा संग्रह इंग्रजीत आला. वाचकाने या नावांपर्यंतही पोहोचायला हवे.

दारही एकच नको. २०२५ मध्ये ‘ऑटोबायोग्राफी ऑफ डेथ’च्या जर्मन आवृत्तीला बर्लिनमधील आंतरराष्ट्रीय साहित्य पुरस्कार मिळाला. पार्क सूल आणि उल्याना वोल्फ यांनी हा अनुवाद केला. प्रत्येक भाषेने आपापला अनुवादक शोधला, तरच कविता खऱ्या अर्थाने परदेशी पोहोचते.

मराठीने काय करावे?

मालिका पाहता पाहता कोरियन शिकणारे तरुण आज महाराष्ट्रातही आहेत. त्यांच्यातील दोघा-तिघांनी कवितेचा हट्ट धरला आणि एखाद्या प्रकाशकाने त्यांना योग्य मानधन दिले, तर कोरियन कविता थेट मराठीत येऊ शकते. सुरुवात छोटी असली तरी चालेल. इंग्रजीतही ती तीन कवयित्री आणि एका अनुवादकाच्या बळावरच झाली होती. मात्र एक अट पाळावी. मुखपृष्ठावर कवयित्रीच्या नावाइतकेच ठळक नाव अनुवादकाचे असावे.