नाडगावची लेक आणि रायसीना टेकडी

25 जुलै ही तारीख बोदवड तालुक्याने विसरू नये. 2007 साली याच दिवशी नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली आणि 340 खोल्यांच्या राष्ट्रपती भवनात पाच वर्षे वास्तव्य केले. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती आपल्या मातीतल्या, याचा अभिमान इथे घरोघरी आहे. त्या वास्तूची कथा मात्र आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

ती आपल्यासाठी बांधलेलीच नव्हती. 1911 च्या दरबारात पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याचे जाहीर केले आणि पुढे व्हाइसरॉयच्या निवासासाठी रायसीना टेकडी ठरली. रायसीना, मालचा या गावांतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली गेल्या. हातची जमीन जाणे म्हणजे काय, हे कापसावर जगणाऱ्या आपल्या तालुक्याला वेगळे सांगायला नको. सुरुंग लावून टेकडीचा माथा सपाट झाला. हजारो मजुरांनी सुमारे 70 कोटी विटा रचल्या. नाव झाले ते वास्तुविशारद एडविन लटयन्स यांचे.

या लटयन्स यांना भारतीय वास्तुकलेची मुळीच आवड नव्हती. व्हाइसरॉय हार्डिंग यांनी आग्रह धरला, म्हणून घुमटाला सांचीच्या स्तूपाची ठेवण आली. छज्जे, जाळ्या, छत्र्या आल्या. खांबांच्या माथ्यावर कोपऱ्याकोपऱ्याला दगडी घंटा कोरल्या आहेत. दगडाची घंटा वाजत नाही, तेव्हा राज्यही बुडणार नाही, अशी त्यामागची समजूत सांगतात. 1931 मध्ये लॉर्ड आयर्विन तिथे राहायला आले. पुढच्या 16 वर्षांत ते राज्य गेले!

26 जानेवारी 1950 रोजी त्याच वास्तूतल्या दरबार हॉलमध्ये राजेंद्रबाबूंनी शपथ घेतली. परक्यांची खूण म्हणून ही इमारत टाकून न देता आपण तिचा धनी बदलला, हे फार शहाणपणाचे झाले. जिथे व्हाइसरॉयपुढे माना झुकत, तिथे जळगावातून 1962 साली पहिल्यांदा आमदार झालेली खान्देशची लेक राष्ट्रप्रमुख म्हणून वावरली. त्यांच्याच कारकिर्दीत भवनाचा परिसर पर्यावरणस्नेही करण्यासाठी ‘रोशनी’ प्रकल्प सुरू झाला.

भवन आज नागरिकांना पाहता येते. वसंतात अमृत उद्यानही खुले होते. भुसावळहून दिल्लीची गाडी थेट मिळते. जिल्हा परिषदेने नाडगाव-बोदवडच्या मुलामुलींची एक सहल तिथे न्यावीच. त्यांना त्या दगडी घंटा जवळून दाखवाव्यात आणि रायसीना-मालचाच्या शेतकऱ्यांची हकिगतही तिथेच सांगावी.