रंग एकच धरा, मग सोडू नका!

मित्रांनो, नवीन लोगोवर पैसे घालवण्याआधी इटलीची बियांकी सायकल बघा. 1885 साली मिलानमध्ये सुरू झालेली कंपनी. तिचा रंग चेलेस्ते, म्हणजे आकाशी. तो का निवडला? कुणी म्हणतं मिलानचं आकाश, कुणी म्हणतं राणीचे डोळे. पण गिऱ्हाईक गोष्टीने नाही, सवयीने ओळखतं. फाउस्तो कोप्पीने 1949 आणि 1952 ला बियांकीवर टूर द फ्रान्स जिंकली, रंग लोकांच्या डोळ्यांत बसला. पुढे छटा थोडीफार बदलली, रंग सोडला नाही.

आपलं काय? बोर्ड लाल, पिशवी हिरवी, कार्ड सोनेरी! माझं मत स्पष्ट आहे: रंग कुठलाही घ्या, पण बोर्ड, पिशवी, बिलबुक सगळीकडे तोच. निदान पाच वर्षं हात लावू नका. लांबून पिशवी दिसली की दुकान आठवलं पाहिजे.