दोन चाकांवरचें बिऱ्हाड

गेल्या मार्गशीर्षांतील गोष्ट. सकाळची पूजा आटोपून मी ओटीवर आलों, तों बसावयास जागा म्हणून उरली नव्हती. झोपाळ्यावर, बांकावर, खालीं जाजमावर सामानच सामान. आमची नात व तिचा आतेभाऊ, दोघेंहि महाविद्यालयांत शिकणारीं, वसईहून किनाऱ्याच्या वाटेनें बोर्डीपर्यंत सायकलीवरून जावयास निघालीं होतीं. तीन दिवसांचा बेत. दोन रात्री वाटेंत, त्यांतली एक तंबूंत.

एकत्र कुटुंबांतून कोणी गांवास निघालें, म्हणजे जाणारा एक आणि सामान बांधणारे दहा, हा अनुभव या सदराच्या वाचकांस नवा नाहीं. वहिनींनीं चिवड्याची बरणी आणून ठेवली, थोरल्या सूनबाईनें दोन जाड चादरी दिल्या, चिरंजीवांनीं एक विजेरी असतांना दुसरी आणली, आणि आमच्या सौभाग्यवतीनें रव्याच्या लाडवांचा भला मोठा स्टीलचा डबा फडक्यांत बांधून सर्वांच्या वर ठेवून दिला. मुलांनीं सर्व दोन पोत्यांत भरून ताणकाट्यास लावलें. एकेकाच्या वांट्यास १७ किलो आले. म्हणजे सायकलीच्या स्वतःच्या वजनाहूनहि अधिक!

"आजोबा, आतां तुम्हींच निवाडा करा," नात म्हणाली. सारा जन्म मुलांच्या दप्तरांचें ओझें पाहण्यांत घालविलेल्या मास्तराकडे हा निवाडा यावा, हें एका परीनें योग्यच झालें.

पायीं चालणाराचें ओझें त्याच्या पाठीस कळतें. सायकलीचें ओझें हँडलास कळतें. सायकल तोलावर चालते, म्हणून तिच्या बाबतींत 'किती' याइतकाच 'कोठें' हा प्रश्न महत्त्वाचा. हत्यारें, पाणी इत्यादि जड वस्तु सीट व हँडल यांच्या मधल्या नळ्यांच्या त्रिकोणांत, शक्य तितक्या खालीं बांधाव्या. सीटमागच्या लांबट पिशवींत कपडे, पांघरूण असें हलकें व दाबून बसणारें सामान भरावें. तेथें जड कांहीं घातलें, तर पायडल मारतांना ती पिशवी शेपटीसारखी हेलकावे खाते. हँडलावर तंबूचें कापड किंवा चटई ठेवावी, तीहि बेताची. पुढें भार झाला कीं वळण घेणें कठीण जातें. कॅरिअरच्या दोन बाजूंस पिशव्या अडकवावयाच्या, तर दोहोंचें वजन सारखें असावें व पायाची टांच त्यांस लागूं नये. पट्ट्याचें प्रत्येक मोकळें टोंक आंत खोंचावें. तें चाकांत गेलें तर चाक जागच्या जागीं अडकतें. भार वाढला म्हणजे टायरांत हवा थोडी अधिक लागते, आणि ब्रेक दाबल्यावर सायकल थांबावयास अंतरहि अधिक लागतें.

थोडें घेऊन दूर जाणें ही कांहीं आजची टूम नव्हे. टॉमस स्टीव्हन्स हा १८८४ सालीं सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलीवर निघाला व पुढें पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. निघतांना त्याच्याजवळ मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल आणि एक पावसाळी कोट एवढाच संसार होता. तो कोटच रात्रीं तंबू आणि तोच अंथरूण. मुंबईहून १९२३ च्या ऑक्टोबरांत सहा पारशी तरुण असेच निघाले. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटरांची जगप्रदक्षिणा पुरी करून १९२८ च्या मार्चांत परत आले. आणि पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थहून निघून, विसाव्या वर्षीं, सुमारें २९,००० किलोमीटर सायकल चालवून डिसेंबरांत कलकत्त्यास पोंचली. कॅनडांत अस्वल तिच्या पाठीस लागलें, स्पेनमध्यें सुरीचा धाक घालून चोरांनीं तिला लुटलें. तरी प्रवास पुरा झाला. सामान गेलें म्हणून वाट संपत नाहीं, असें मला सुचवावयाचें होतें. परंतु अस्वल व सुरी ऐकतांच वहिनींचा चेहरा असा झाला, कीं उदाहरण चुकल्याचें मास्तरांस तत्काळ कळून आलें.

मग मीं सामानाचे तीन ढीग करविले. पहिल्यांत, ज्यावांचून प्रवास थांबेल तें: पंप, जादा ट्यूबा, पंक्चरचीं ठिगळें व सोल्यूशन, टायर काढण्याच्या पट्ट्या, पाने, चेनची जादा कडी व ती बसविण्याचें हत्यार, ब्रेकचे रबर, तेलाची कुपी, औषधें, जलसंजीवनी, पाणी, पुढचा व मागचा दिवा, ओळखपत्रें. दुसऱ्यांत, ज्यावांचून हाल होतील तें: अंगावरच्या जोडाशिवाय कपड्यांचा आणखी एक जोड, हलकें पांघरूण, तंबू. तिसऱ्यांत, ज्यावांचून जाणारांचें कांहींच अडणार नाहीं, परंतु घरच्यांस झोंप येणार नाहीं तें. हा तिसरा ढीगच सर्वांत मोठा निघाला, आणि लाडवांचा डबा त्याच्या शिखरावर होता.

नातीनें तो डबा हळूच बाजूस सारला. सौभाग्यवती कांहीं बोलली नाहीं. पदरास हात पुसून आंत जावयास वळली. योगसूत्रांत अपरिग्रहाची गणना यमांमध्यें केली आहे, आणि वर्गांत मीं त्यावर पुष्कळ निरूपण केलें आहे. परंतु घरच्या माणसानें आपल्या हातानें केलेली वस्तु परत करतांना तें निरूपण उपयोगी पडत नाहीं. मीं सौभाग्यवतीस थांबविलें, आणि चाळीसांहून अधिक वर्षें मनांत ठेवलेली एक गोष्ट त्या दिवशीं प्रथम सांगितली.

नोकरी लागण्यापूर्वीं एका मित्रासह मी सायकलीनें वज्रेश्वरीस निघालों होतों. आईनें दिलेला फराळाचा डबा व माझी वळकटी कॅरिअरवर उंच रचून सुतळीनें बांधली होती. एका उतारावर सुतळी सैल झाली, डबा एका अंगास कलला आणि हँडल थरथरूं लागलें. मी पडलों तो मागून येणाऱ्या मित्राच्या वाटेंतच. त्याचें मनगट मोडलें, तें पुढें कधीं पुरतें सरळ झालें नाहीं. घरीं मीं 'रस्ता खराब होता' एवढेंच सांगितलें. त्यानंतरहि प्रत्येक प्रवासास आई तोच पोचा पडलेला डबा भरून देत असे, आणि मी तो मुकाट्यानें घेत असें. ती गेली तोंपर्यंत मीं तिला खरें सांगितलें नाहीं. दोष डब्याचा नव्हता, आईचा तर नव्हताच. 'आई, एवढें नको' हे तीन शब्द ज्याच्या तोंडून निघाले नाहींत, त्या माझा होता.

ओटीवर थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं. सौभाग्यवती आंत गेली व कागदाची एक पुडी घेऊन आली. तींत आमच्या वसईचीं सुकेळीं होतीं, राजेळी केळीं सोलून उन्हांत वाळविलेलीं. "हीं तरी न्याल ना? जड नाहींत, सांडत नाहींत, आणि दोन खाल्लीं तर भूक भागते." नातीनें ती पुडी हँडलाजवळच्या लहान पिशवींत, चालत्या सायकलीवरून हातास येईल अशी ठेवली. सायकलीच्या सामानाविषयीं त्या दिवशीं सर्वांत नेमकें कोण बोललें असेल, तर तीच. लाडू आम्हीं घरच्यांनीं खाल्ले.

ओझें एकेकास ९ किलोंवर आलें. तरी मीं एक अट घातली. निघण्याच्या चार दिवस आधीं भरलेल्या सायकलींनीं निर्मळवरून अर्नाळ्यास जाऊन येण्याची तालीम झाली. नातवाची मागची पिशवी खड्ड्यांत टायरास घासते, हें त्या तालमींत कळलें, आणि एक पट्टा वाढवून ती वर घेतां आली. वाचकांनीं ही तालीम कधींहि चुकवूं नये. घरच्या ओटीवर प्रत्येक गांठ पक्कीच वाटते.

ठरल्या दिवशीं उजाडतांना मुलें निघालीं. विरारजवळ वैतरणेची खाडी त्यांनीं २०२५ सालीं सुरू झालेल्या रो-रो बोटीनें ओलांडली, आणि पुढें केळवें, चिंचणी, डहाणू करीत तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं बोर्डीहून नातीचा फोन आला. दोघांच्या सायकलींस कांहीं झालें नव्हतें. मात्र चिंचणीच्या पुढें एक शाळकरी मुलगा पंक्चर झालेली सायकल ओढीत चालला होता. त्याच्या ट्यूबेस यांनीं ठिगळ लावून दिलें. त्यानें यांस घरीं नेलें, चहा झाला, आणि उरलेलीं सुकेळीं यांनीं त्याच्या आजीच्या हातांत ठेवलीं.

सौभाग्यवती शेजारीं उभी राहून ऐकत होती. "पुढच्या खेपेस पुडी जराशी मोठी बांधीन," ती म्हणाली; आणि लगेच माझ्याकडे पाहून, "जराशीच."