कोऱ्या कामट्या

मंडळी, एक गुपित सांगते. माझ्या लहानपणची नाताळची प्रत्येक चांदणी चक्क सेकंडहँड होती!

आम्ही विश्रांतवाडीचे. माऊलींची पालखी ज्या आळंदी रोडने पुण्यात येते, त्या रोडला लागूनच आमची सोसायटी. मूळ घराणं मात्र नगरचं. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे 1831 मध्ये सुरू झालं आणि पुढे आमच्यासारखी कितीतरी मराठी ख्रिस्ती घरं झाली. त्यामुळे आमच्याकडे केकच्या आधी करंज्या, चकल्या, शंकरपाळे. फराळ तोच, फक्त तारीख वेगळी!

समोरच्या ब्लॉकमध्ये काका-काकू. काका दर दिवाळीला आकाशकंदील घरीच करायचे. त्रिपुरी पौर्णिमा झाली की कंदील उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याचा सांगाडा आमच्या दारात हजर. बाबा कागद खरवडून कामट्या सोडवायचे आणि डिसेंबरात त्यांचीच पाच टोकांची चांदणी बांधायचे. आईने शिजवलेली खळ, पतंगाचा पांढरा कागद, खाली झिरमिळ्या, आत 40 वॉटचा बल्ब. झाली चांदणी!

मला अर्थातच ते पटायचं नाही. 25 तारखेला संध्याकाळी बाबा स्कूटरवरून कॅम्पात न्यायचे. एम. जी. रोडची रोषणाई, दुकानांतल्या करकरीत चांदण्या बघून मी परतीच्या वाटेवर हमखास कुरकुरायचे, "बाबा, आपल्याला कोऱ्या कामट्या का नाही आणत?"

दिव्यांची माळसुद्धा काकांचीच. सहा-सहा व्होल्टचे चाळीसेक बल्ब एकामागे एक जोडलेले, त्यामुळे एक रुसला की सगळे बसले! मग काका आणि बाबा गॅलरीत मांडी ठोकून एकेक बल्ब तपासणार, मी टॉर्च धरून उभी. दिवे लागले की काका ओरडायचे, "सापडला गुन्हेगार!" झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लावले ते एडिसनच्या एडवर्ड जॉन्सन नावाच्या सहकाऱ्याने, 1882 मध्ये, न्यूयॉर्कला. रंगीत 80 दिवे होते म्हणे. असतील. पण त्याच्यासमोर काका-काकूंचा ब्लॉक नव्हता ना!

आणखी एक भानगड डब्यांची. काकूंचा दिवाळीचा डबा आमच्याकडेच राहायचा, कारण रिकामा परत कसा द्यायचा? तो नाताळला भरून जायचा. एवढ्या वर्षांत कुठला डबा कोणाचा, हे दोन्ही घरं विसरली.

मग काय, नोकरी, खराडीचं ऑफिस, डेडलाइन्स. बाबांचे हात थरथरायला लागले. तरी मागच्या वर्षीपर्यंत कंदिलाचा सांगाडा नेमाने येत होता.

यंदा श्रावणात काका गेले. दिवाळीत समोरची गॅलरी अंधारी. त्यांच्याकडे सण नव्हता, म्हणून आईने फराळाचा डबा नेऊन दिला. त्रिपुरी पौर्णिमा आली नि गेली. दारात काहीच आलं नाही, येणारही नव्हतं. मग मी ऑनलाइन एलईडीची चांदणी मागवली. रिमोट, आठ प्रकारची लुकलुक, सगळं काही. बाबांनी बघितली आणि म्हणाले, "छान आहे." आजारपणात मुगाच्या खिचडीला म्हणतात ना, तसं छान!

गेल्या रविवारी बेल वाजली. दारात काकू. हातात आईचा डबा आणि वर सुतळीने बांधलेली कामट्यांची जुडी.

"तळण काही केलं नाही यंदा," काकू म्हणाल्या. "पण डबा रिकामा कसा देऊ? ह्यांनी आषाढातच बुरूड आळीतून बांबू आणून तासून ठेवल्या होत्या. दिवाळीला नाही लागल्या भाऊजी, नाताळला तरी लागू देत."

बाबांनी जुडी घेतली. कामट्यांवरून बोट फिरवत राहिले. कुठे कूस नाही, सगळ्या एका मापाच्या. मग म्हणाले, "वहिनी, बसा. चहा घेऊन जा." आणि मला म्हणाले, "तू बांध. मी सांगतो."

तीन तास लागले! एक टोक अजून वाकडंच आहे. काकू शेवटपर्यंत बसून होत्या, खळीचं भांडं धरून. आमच्या गॅलरीतली चांदणी त्यांच्या घरातून दिसत नाही, म्हणून यंदा ती जिन्यात, दोन्ही दारांच्या मधोमध टांगली आहे. एलईडीवाली गेली माळ्यावर.

तर मंडळी, अखेर मला कोऱ्या कामट्यांची चांदणी मिळाली. लहानपणी किती हट्ट केला होता तिच्यासाठी. आता वाटतं, जुन्याच बऱ्या होत्या.