रेघ किती जाड? मिलिमीटरमध्ये सांगा!

यांत्रिक पेन्सिलीचे शिसे आणायला दुकानात गेलात की तुम्ही काय मागता? 'शून्य पॉइंट पाचचे द्या' किंवा 'शून्य पॉइंट सातचे द्या'. (इथला 'पॉइंट' म्हणजे दशांशचिन्ह, हे ध्यानात असू द्या, दुसरा एक पॉइंट पुढे भेटणार आहे.) हा आकडा मिलिमीटरचा असतो. जेल पेनाच्या टोपणावर छापलेला ०.५ किंवा ०.७ हाही मिलिमीटरचाच. हाताने रेघ काढायची झाली तर तिची जाडी कशात सांगायची, याबद्दल तुमच्या मनात कधी शंका आलेली नसते.

आता तीच आकृती शाळेच्या वार्षिकांकासाठी संगणकावर काढायला बसा. पानाची रुंदी मिलिमीटरमध्ये, समासही मिलिमीटरमध्ये. पण रेघेवर टिचकी मारताच जाडीच्या चौकटीत '१ पॉइंट' असे दिसते. दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीत '१ पिक्सेल' दिसेल, तिसऱ्या ठिकाणी 'हेअरलाइन', म्हणजे केसाएवढी रेघ. एकाच पानावर लांबी एका एककात आणि जाडी दुसऱ्या एककात! असा प्रकार प्रयोगवहीत केलात तर तुमचे शिक्षक लाल शाईने खूण करतील. मला वाटते, ही खूण पानाची मांडणी करणाऱ्यांच्या कामावरही करायला हवी.

हा पॉइंट आला कोठून, ते आधी पाहू. शिशाचे खिळे जुळवून छपाई होत असे तेव्हा खिळ्यांची मापे ओतशाळेगणिक वेगळी असत. फ्रान्समध्ये पिएर सिमाँ फुर्निए याने १७३७ साली मापांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. पुढे दिदो घराण्याने तेथील राजमान्य इंचाचा ७२ वा भाग हा पॉइंट धरला. तो सुमारे ०.३७६ मि.मी. भरतो. अमेरिकेतील ओतशाळांनी १८८६ मध्ये स्वतःचा पॉइंट ठरवला, तो सुमारे ०.३५१ मि.मी. संगणकावर आज जो चालतो तो तिसराच: इंचाचा बरोबर ७२ वा भाग. १९५९ सालच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार इंच म्हणजे २५.४ मि.मी. म्हणून हा पॉइंट ०.३५२८ मि.मी. होतो. म्हणजे तो पॉइंटदेखील शेवटी मिलिमीटरच्याच खांद्यावर उभा आहे.

तीन पॉइंटांची ही तफावत दाखवून 'म्हणून पॉइंट टाकाऊ' असे काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. ०.३५१ आणि ०.३५३ यांतला फरक रेघेच्या जाडीत तुम्हाला भिंगातूनही दिसायचा नाही. माझा आक्षेप निराळा आहे, आणि तो समजण्यासाठी जुन्या छापखान्यात डोकवावे लागेल.

खिळा 'बारा पॉइंटचा' म्हणजे काय? त्यावरचे अक्षर बारा पॉइंट उंच असे नव्हे. अक्षर ज्या धातूच्या ठोकळ्यावर उभे असते त्या ठोकळ्याचे हे माप. शेजारच्या ओळी एकमेकींना घट्ट बसाव्यात, फर्मा आवळल्यावर एकही खिळा हलू नये, यासाठी ते लागे. रेघ छापण्यासाठी पितळेच्या किंवा शिशाच्या पट्ट्या असत, त्यांना 'रूल' म्हणत. त्यांनाही ओळींच्या मधे बसायचे असल्यामुळे त्यांची अंगची जाडी पॉइंटमध्येच मोजावी लागे. पण दोन पॉइंटच्या पट्टीची वरची धार तासून बारीक केलेली असू शके, आणि मग कागदावर उमटे ती केसाएवढी रेघ! अंग दोन पॉइंटचे, शाई त्याच्या अंशानेही नाही. थोडक्यात, पॉइंट हे बैठकीचे माप होते, उमटणाऱ्या शाईचे नव्हे. संगणकावर पट्टीही नाही आणि फर्माही नाही. तिथे रेघेची जाडी म्हणजे निव्वळ शाईची जाडी. मग बैठकीचे माप तिला कशाला?

त्याचे उत्तर इतिहासात आहे. १९८४ साली बाजारात आलेल्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एक पॉइंट. अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही मुद्रणभाषाही हेच माप घेऊन आली. १९८५ मध्ये लेझररायटर हे मुद्रणयंत्र आणि पेजमेकर ही आज्ञावली आली आणि घरबसल्या पाने जुळवण्याची सोय झाली. अक्षरांसाठी पॉइंट आधीच होता, तोच रेघेलाही चिकटवला गेला. सोय म्हणून ते ठीक होते.

त्याच काळातली 'हेअरलाइन' मात्र गैरसोयीची ठरली. पोस्टस्क्रिप्टमध्ये रेघेची जाडी शून्य लिहिण्याची मुभा आहे, आणि शून्याचा अर्थ 'यंत्राला जमेल तितकी बारीक' असा आहे. लेझररायटर इंचाला ३०० ठिपके टाकत असे. एक ठिपका ०.०८५ मि.मी., म्हणजे रेघ बारीक पण स्पष्ट. तेच पान ऑफसेटच्या छपाईसाठी इंचाला २४०० ठिपके टाकणाऱ्या यंत्रावर पाठवले तर एक ठिपका होतो ०.०१०६ मि.मी. माणसाचा केस साधारण ०.०७ मि.मी. जाड असतो. केसाच्या सातव्या हिश्शाएवढी रेघ छापताना कागदावर टिकेलच असे नाही. टिकली तरी डोळ्यांना दिसणे कठीण. कोष्टकाच्या रेघा मुद्रितशोधनाच्या कागदावर होत्या आणि छापील अंकात गायब, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. ज्या मापाचा अर्थ यंत्र बदलले की बदलतो त्याला भौतिकशास्त्रात एकक म्हणत नाहीत.

पिक्सेलचीही तीच गत. इंकस्केप या चित्ररेखनाच्या आज्ञावलीत पूर्वी इंचाला ९० पिक्सेल धरत. २०१७ साली आलेल्या ०.९२ आवृत्तीपासून ९६ धरतात. म्हणजे १ पिक्सेलची रेघ ०.२८ मि.मी. वरून ०.२६ मि.मी. वर आली. रेघेने काही केले नव्हते!

आता कोणी अक्षरजुळणीकार विचारील, 'अहो, पण पॉइंटने आमचे काय अडते? अर्धा, एक, दोन हे आकडे तोंडात बसले आहेत.' प्रश्न रास्त आहे. गंमत म्हणजे अर्धा पॉइंट म्हणजे जवळजवळ ०.१८ मि.मी., एक म्हणजे ०.३५, दोन म्हणजे ०.७ आणि चार म्हणजे १.४. हे आकडे अभियांत्रिकी आरेखन शिकलेल्यांना ओळखीचे वाटतील. त्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार रेघांच्या जाड्या अशा आहेत: ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७, १, १.४ आणि २ मि.मी. भारतीय मानक ब्यूरोच्या शाळा-महाविद्यालयांसाठीच्या 'एसपी ४६' या पुस्तिकेतही जाड्या मिलिमीटरमध्येच दिल्या आहेत.

या मालिकेत कोणतीही संख्या घ्या आणि २ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१४ ने गुणा. पुढची संख्या जवळजवळ मिळते. हे योगायोगाने झालेले नाही. ए-४ कागदाच्या बाजू २१० आणि २९७ मि.मी.; त्यांचे गुणोत्तर तेच १.४१४. ए-४ वरून ए-३ वर जायचे तर प्रत्येक लांबी तितक्याच पटीने वाढते. म्हणून ०.३५ ची रेघ मोठ्या कागदावर ०.५ ची होते, ०.५ ची ०.७ होते. आकृती मोठी करा की लहान, रेघ मालिकेतून बाहेर पडत नाही. खाडाखोड करायची असेल तर त्याच जाडीचे पेन हातात असते. झेरॉक्सच्या यंत्रावरचे १४१ टक्के आणि ७१ टक्के हे आकडे त्यासाठीच असतात. पॉइंट वापरणाऱ्याला यातली निम्मी मालिका सापडते, पण ०.२५, ०.५ आणि १ मि.मी. या मधल्या पायऱ्यांसाठी त्याला ०.७१, १.४२ आणि २.८३ पॉइंट असे ओबडधोबड आकडे लिहावे लागतात. ते कोणी लिहीत नाही, आणि कागद व रेघ यांचे गणित तिथेच तुटते.

शिवाय आलेखाचा विचार करा. तुमच्या आलेखकागदावरचा सर्वांत लहान चौकोन १ मि.मी. चा. त्यावर ०.३५ मि.मी. ची वक्ररेषा काढली तर तिने चौकोनाचा तिसरा हिस्सा व्यापला, हे आकडा वाचताच कळते. मग त्या आलेखावरून ०.१ मि.मी. पर्यंतचे वाचन सांगणारा विद्यार्थी आपोआप थबकतो. 'एक पॉइंटची वक्ररेषा' असे म्हटले तर हा विचार सुचतच नाही. छापील रेघ तपासायचीच झाली तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ०.०१ मि.मी. लघुतम माप असलेला चलसूक्ष्मदर्शक असतो. पॉइंटच्या खुणा असलेले एखादे उपकरण शाळेत दाखवा पाहू! कागदावर शाई थोडी पसरते, ०.३५ मागितले आणि ०.४० मिळाले, तर ते कळण्यासाठी मागणी आणि मोजणी एकाच भाषेत हवी.

अक्षरांचा पॉइंट काढून टाका, असे मात्र मी म्हणत नाही. अक्षराला अजूनही बैठक असते, ओळीतले अंतर तिच्यावर ठरते. देवनागरीची शिरोरेषा अक्षराबरोबर लहानमोठी होते. तिची जाडी वेगळी मोजत बसायचे कारण नाही. मजकुराखाली ओढायची रेघही शिरोरेषेला शोभेल अशी नजरेने ठरवावी. पण आकृती, आलेख, नकाशा, कोष्टक यांतल्या रेघा मिलिमीटरमध्ये असाव्यात. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन यांच्या पसंतीच्या तक्त्यात अक्षर आणि रेघ यांची एकके वेगवेगळी निवडता येतात. इंकस्केपमध्ये जाडीच्या आकड्याशेजारीच एककांची यादी आहे. एकदा निवडायचे, की झाले.

करून पाहायचे असेल तर ए-४ कागदावर ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५ आणि ०.७ मि.मी. च्या रेघा छापून घ्या. झेरॉक्सच्या दुकानात त्याची ७१ टक्क्यांची प्रत काढा. मूळ कागदाची ०.३५ ची रेघ आणि प्रतीवरची ०.५ ची रेघ शेजारी ठेवून भिंगातून बघा. जुळल्या नाहीत तर शाई पसरली की यंत्राच्या ठिपक्यांनी घोटाळा केला, याचा वर्गात शोध घेता येईल. शिक्षकांनी अशा वेळी पाच मिनिटे उत्तर सांगू नये.