‘कशासाठी जातेस?’ असं विचारणाऱ्यांना

बाई परदेशी गेली याचं आता आपल्याकडे कोणाला नवल वाटत नाही. ती शिकायला गेली, नवऱ्याच्या नोकरीपायी गेली, लेकीच्या बाळंतपणाला गेली, की सगळे कौतुकच करतात. हे कौतुक आटतं ते बाई स्वतःच्या मनाने, एकटी, काही ‘काम’ नसताना निघते तेव्हा.

समाजकार्याची विद्यार्थिनी असताना मी लंडनला गेले होते. कॉलेजचा गट, बरोबर दोन प्राध्यापक, दिवसाच्या तासातासाचं वेळापत्रक. तेव्हा घरात पेढे वाटले गेले. गेल्या वर्षी, सदतिसाव्या वर्षी, साठवलेल्या पैशातून त्याच शहरात दहा दिवस एकटीने जायचं ठरवलं, तर एकच प्रश्न तीन तोंडांनी आला. आई म्हणाली, “एकदा पाहिलंयस ना?” तिकीट काढून देणारा म्हणाला, “मिस्टर नाहीत बरोबर?” आणि चळवळीतल्या ताई म्हणाल्या, “परिषद आहे का कसली?”

हेच एखादा पुरुष गेला असता तर? ‘जुने दिवस आठवायला गेलाय’ म्हणून विषय मिटला असता. बाईला जुने दिवस नसतात का?

ताईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर आपल्याच पेशातला दाखला आहे. अमेरिकेची जेन ॲडम्स १८८३ साली लंडनच्या ईस्ट एंडला पर्यटक म्हणून आली. शनिवारी रात्री सडका भाजीपाला लिलावात घेणारी माणसं तिने पाहिली. ती १८८८ साली पुन्हा आली आणि व्हाइटचॅपलचं टॉयन्बी हॉल पाहून गेली. पुढच्याच वर्षी तिने मैत्रिणीबरोबर शिकागोत हल हाऊस काढलं. गरिबांच्या वस्तीत राहून काम करण्याची ही परंपरा आज आपल्या अभ्यासक्रमात आहे. पण हा दाखला मी परवानगीसाठी पुढे करणार नाही. ‘समाजाला फायदा झाला म्हणून चालेल’ ही अटच मला मान्य नाही. पहिल्या खेपेला मला शहर दाखवलं गेलं होतं, दुसऱ्या खेपेला मी ते पाहिलं. बो भागातल्या काडेपेटीच्या कारखान्यातल्या सुमारे १४०० बायका-मुलींनी १८८८ साली संप केला होता. त्या इमारतीसमोर मी अर्धा दिवस बसले. माझ्यासाठी कोणी खोळंबलं नव्हतं. एवढं कारण पुरेसं आहे.

मग येतो सुरक्षिततेचा मुद्दा. लंडन बायकांसाठी सुरक्षित आहे असं मी म्हणत नाही. ३ मार्च २०२१ रोजी सारा एव्हरार्ड ही तरुणी मैत्रिणीकडून पायी घरी निघाली होती. नोकरीत असलेल्या एका पोलिसाने खोटी अटक करून तिला पळवलं आणि मारलं. त्यानंतर लंडनच्या पोलीस खात्याने बायकांना सल्ला दिला, की एकट्या पोलिसाचा संशय आला तर जाणारी बस हात करून थांबवा! गुन्हा पुरुषाचा, तोही वर्दीतल्या, आणि खबरदारी बाईने घ्यायची. हा न्याय तिथेही आहे आणि इथेही. म्हणजे रस्ता धोक्याचा आहे म्हणून बाईला घरात ठेवलं, तर रस्ता कधीच बदलायचा नाही. शिवाय घर तरी सुरक्षित आहे का? आपल्या सल्लाकेंद्रात येणाऱ्या बायका कुठून मार खाऊन येतात, हे आपण रोज पाहतो.

‘हे पैसेवाल्या बायकांचे चोचले’ असंही म्हणतात. विमानाचं तिकीट थोड्याजणींच्याच आवाक्यात आहे, हे खरं. पण प्रश्न तिकिटाचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार बाजार, दवाखाना आणि गावाबाहेर या तिन्ही ठिकाणी एकटीने जायची मुभा १५ ते ४९ वयाच्या फक्त ४२ टक्के बायकांना आहे. दहावी न झालेली मुलगी आखाती देशात घरकामाला जायला निघाली, तर तिशीच्या आत सरकार तिला परवानगी देत नाही. तिच्या भावाला मात्र अठराव्या वर्षी मिळते. फसवणाऱ्या दलालाला पकडण्यापेक्षा मुलीला अडवणं सोपं. माझ्या तिकिटावर भुवया चढवणारे आणि तिचा कागद अडवणारे एकाच शाळेत शिकलेत.

म्हणून तीन गोष्टी मागते. वयाची ही अट रद्द व्हावी आणि दलालांवर कारवाई व्हावी. आपल्या संघटनांनी शिबिरांत ‘एकट्या जाऊ नका’ ऐवजी एकटीने कसं जावं, हे शिकवावं: कागदपत्रं, पैसे, फोन, तक्रार कुठे करायची. आणि आपल्यातली एखादी उद्या बॅग भरताना दिसली, मग ती लंडनला निघो की पंढरपूरला, तर ‘कशासाठी?’ हा प्रश्न आपण तरी तिला विचारू नये. गाडी किती वाजता आहे, ते विचारा.